अभ्यास चालू आहे

छत्री घ्यायची ठरल्यावर दुकानात जाऊन छत्री घेणारी माणसं वेगळी आणि अभ्यासकाका वेगळे. तुमच्या सोसायटीत ते असणारच. दुसऱ्या मजल्यावर नसतील तर पाचव्यावर असतील. आमच्या नशिबानं ते थेट समोरच्या दारात आहेत. मागच्या जूनमध्ये त्यांनी छत्रीचा अभ्यास सुरू केला: काड्या आठ की दहा, दांडा सरळ की घडीचा, बटण दाबून उघडणारी की हातानं. ऑगस्टमध्ये ते मला गेटपाशी डोक्यावर भाजीची पिशवी धरून उभे दिसले. "काका, छत्री?" "अभ्यास चालू आहे," पिशवीखालून उत्तर आलं. छत्री दसऱ्याला आली. छत्री उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. फक्त ती आल्यावर पाऊस गेला.

काकांची सारी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ कचेरीनं दिलं, सवय मात्र त्यांची ते घरी घेऊन आले. दोनशे पानी लांब वही, स्टीलची फूटपट्टी आणि टोक केलेली पेन्सिल. कुठलाही प्रश्न उभा राहिला की पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे 'बाजूने', उजवीकडे 'विरुद्ध', तळाला 'निर्णय' आणि पुढे दोन टिंबं. रेघ जराशी तिरकी गेली तर पान फाडून पुन्हा पहिल्यापासून. मी ती वही चाळलेली आहे. गिझर, मोतीबिंदू, कुलदैवताला जायचं तर एसटीनं की रेल्वेनं, शेजाऱ्यांना रद्दीबद्दल बोलावं का (शेजारी म्हणजे मी). रकाने भरगच्च आणि टिंबांच्या पुढे सगळीकडे कोरा कागद.

अशा घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. आणलं अर्थात काकूंनी. पार्किंगमध्ये एका बंद पडलेल्या स्कूटरखाली कुत्री व्यायली होती. दोन महिन्यांनी तिची बाकीची पिल्लं कुणी कुणी नेली आणि एक उरलं. लाल मातीच्या रंगाचं, एक कान उभा, एक पडलेला. पावसात ते जिन्यात कुडकुडत बसलेलं काकूंनी पाहिलं आणि पदरात गुंडाळून वर आणलं. "अगं, पण आधी..." काकांनी तोंड उघडलं. "ते आलंय. आता तुम्ही अभ्यास करा," काकू म्हणाल्या आणि दूध कोमट करायला गेल्या.

काकांना विषय मिळाला: पिल्लाला क्रेटची सवय लावावी की न लावावी.

मुळात हा शब्दच काकूंना पटला नाही. त्यांच्या लेखी क्रेट टोमॅटोचा असतो, मार्केट यार्डातला. कुत्र्याला ठेवतात तो पिंजरा. "पिंजरा नव्हे, क्रेट," काका दुरुस्त करत. "पिंजऱ्यात कोंडतात. क्रेटमध्ये ते आपणहून जातं. ती त्याची स्वतःची खोली." "मग दाराला कडी बाहेरून का?" काकूंनी विचारलं. काकांनी वही उघडली आणि उजव्या रकान्यात लिहिलं: कडी बाहेरून.

त्यात देवानं त्यांना दोन अपत्यं दिलेली. मुलगी न्यू जर्सीत, मुलगा स्टॉकहोमला. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे सगळेच लावतात ही सवय. दार उघडं ठेवायचं, जेवण आत द्यायचं, आत गेलं की शाबासकी द्यायची, शिक्षा म्हणून कधी आत घालायचं नाही." काकांनी डाव्या रकान्यात चार मुद्दे टिपले. दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, काहीतरीच काय! इथे घरात कुत्र्याला असं कोंडून ठेवायला कायद्यानं बंदी आहे. फिनलंडमध्येही आहे. गाडीतून नेताना वगैरे ठीक." उजव्या रकान्यात चार. चारास चार झाल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती आली, ती मी त्यांना पेन्शनच्या दिवशीही आलेली पाहिलेली नाही. त्याच रात्री त्यांनी आपला १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदा काढला. कलम ११ : धड हालचालही करता येणार नाही एवढ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा. ते त्यांनी मला रात्री साडेदहाला दारात उभं राहून वाचून दाखवलं. मला म्हणजे, पूर्वी आमच्याकडे कुत्रा होता म्हणून. त्या कुत्र्याला आम्ही कसलीही सवय लावली नव्हती. तो पायपुसण्यावर झोपायचा आणि पायपुसणं खायचा.

काकूंनी वेगळाच पुरावा पुढे केला. देव्हाऱ्यात दत्ताची तसबीर आहे. "चार कुत्री आहेत इथे. एकाला तरी क्रेट दिसतोय का?" काकांनी 'दत्त' असा शब्द उजवीकडे लिहिला. रात्रभर त्यावर विचार केला असावा, कारण सकाळी दूध घेताना मला म्हणाले, "ती चार कुत्री म्हणजे चार वेद, असं मानतात. वेदांना रात्री शूसाठी खाली न्यावं लागत नाही. तो मुद्दा मी कंसात टाकलाय."

आमच्या पिल्लाला मात्र न्यावं लागे. त्याचं काकांनी सूत्र काढलं : वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, तितके तास ते जास्तीत जास्त कळ काढतं. दोन महिन्यांचं, म्हणजे तीन तास. अकरा, दोन, पाच. तीन गजर लागले, तिन्ही गजरांना मी उठलो. काका चपला शोधत, टॉर्च शोधत, वहीत वेळ टिपत. तोवर पिल्लू दाराजवळच्या पाटावर काम उरकून मोकळं झालेलं असे. एकदा मी कान देऊन ऐकलं. काकू झोपेत म्हणत होत्या, "अहो, ते मेलं अभ्यास नाही करत."

नावाचा अभ्यासही समांतर चालू होता. पहिल्या लशीला गेले तेव्हा डॉक्टरांकडच्या मुलीनं कार्डावर लिहायला नाव विचारलं. काका म्हणाले, "नंतर." तिनं लिहिलं. अर्ध्या तासानं आतून हाक आली, "नंतर! नंतर कोण आहे?" पिल्लू उठून शेपूट हलवत आत गेलं. झालं. काकूंनी त्याचं 'नंत्या' केलं, वॉचमननं 'नंतरशेठ'. काका अजूनही त्याला 'ते' म्हणतात, कारण नावाचं पान बंद झालेलं नाही.

क्रेटच्या मापावर अकरा दिवस गेले. नियम असा की प्राण्याला उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय ताणून झोपता आलं पाहिजे, बस. फार मोठा नको, नाहीतर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात मोरी करतं. हे ऐकून काकू म्हणाल्या, "म्हणजे आपली वाड्यातली खोली. सहा वर्षं काढली तिच्यात. उभं राहता येत होतं, वळता येत होतं." शेवटी बेचाळीस इंची, तारेचा, घडीचा, मध्ये सरकती जाळी असलेला क्रेट आला. जाळी सरकवून आज लहान, उद्या मोठा. तो हॉलमध्ये उभा राहिला आणि टीव्ही दिसेनासा झाला.

त्यानंतरचा बुधवार मी विसरणार नाही.

दुपारी चारच्या सुमाराला समोरून हाक आली. हाक नव्हे, विनंती. "अरे, घाई नाही. पण सवड झाली की जरा ये." दार उघडंच होतं. आत गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस उभा, सिलिंडर खांद्यावरच, आणि तो एकटक बघतोय. क्रेटमध्ये काका होते. पूर्ण आत, गुडघे छातीशी, चष्मा कपाळावर, हातात फूटपट्टी. दोन्ही कड्या बाहेरून लावलेल्या. पिल्लू बाहेर मांडी घातल्यासारखं बसून त्यांच्याकडे गंभीरपणे पाहत होतं.

झालं होतं असं : आत गेल्याशिवाय आत काय वाटतं ते कसं कळणार, म्हणून काका जाळी काढून आत गेले. काकू भाजीला गेलेल्या. तिसऱ्या मजल्यावरची पाच वर्षांची चिमुरडी पिल्लाशी खेळायला आलेली. काकांनीच तिला शिकवून ठेवलं होतं की कुणी आत गेलं की हळूच दार लावायचं, 'शाबास' म्हणायचं आणि खाऊ द्यायचा. तिनं दार लावलं, 'शाबास आजोबा' म्हणाली, तारांमधून अर्धं बिस्किट आत सरकवलं आणि घरी निघून गेली.

"बिस्किट खाल्लंत?" मी विचारलं.

"खाल्लं," काका म्हणाले. "त्यानं खरंच बरं वाटतं. डावीकडे लिही."

मी कडीला हात घातला तर ते म्हणाले, "थांब. आधी वही." मी वही धरली, ते आतून सांगत गेले आणि गॅसवाला सिलिंडर खाली ठेवून ऐकत राहिला. मुद्दा एक : आत तशी भीती वाटत नाही. मुद्दा दोन : वरून चादर घातली तर बरं होईल, वर उघडं उघडं वाटतं. मुद्दा तीन सांगताना ते क्षणभर थांबले. "दार लागतं ना, त्या कडीचा आवाज. बाहेरून खट् एवढाच येतो. आतून फार मोठा येतो रे."

हा किस्सा मी निदान चाळीस जणांना सांगितला. गॅसवाल्यानं किती जणांना सांगितला, ते त्याचं त्याला माहीत.

आता पुढचं खरं तर लिहायचं नव्हतं, कारण त्यानं माझ्या तक्रारीतली हवा जाते. दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना रात्री सव्वादोनला छातीत दुखायला लागलं. मी समोरची बेल वाजवली ती नुसती घाबरून. काका वही घेऊनच बाहेर आले. रुग्णवाहिकेचे नंबर, त्यातला रात्री उचलणारा कुठला, इस्पितळाचं कुठलं दार रात्री उघडं असतं, स्ट्रेचर मावतं ती लिफ्ट कुठली, मेडिक्लेमचं कार्ड आधी कोणत्या खिडकीवर दाखवायचं, सगळं ओळीनं लिहिलेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना न थांबता बोलताना पाहिलं. बाबा नवव्या दिवशी घरी आले. वही परत करताना मी ते पान नीट पाहिलं. मथळा होता : 'रात्री आमच्या दोघांपैकी एकाला काही झाल्यास.' अख्ख्या वहीत त्या एकाच पानावर मधली रेघ नव्हती.

असो. तरी त्यांनी गजर लावायला नकोत, हे माझं मत कायम आहे.

क्रेटचं काय झालं ते सांगायला हवं. त्या बुधवारच्या रात्री काका जुन्या धोतराची पट्टी फाडून दोन्ही कड्यांना गुंडाळत बसले होते, सुईदोऱ्यानं टाचून. मग दार उघडं ठेवायचा प्रयोग, मग अर्धं लोटायचा, मग पाच मिनिटं बंद आणि स्वतः शेजारी सतरंजीवर. नंतर आत जाई, बाहेर येई, कधी चादर ओढून नेई. निर्णयाच्या पुढे टिंबं तशीच. वर्ष गेलं. पिल्लाचा दुसरा कानही उभा राहिला, रात्रभर कळ काढायला ते आपलं आपण शिकलं आणि आता दारात आडवं पसरून झोपतं, त्यामुळे काकांना बाहेर जाताना लंगडी घालावी लागते. परवा त्यांनी ते पान काढलं आणि खाली जुन्या कचेरीच्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'परिच्छेद कालौघात निकाली.' मला दाखवलं. मी काही बोललो नाही.

क्रेट गॅलरीत गेला. त्यात काकू कांदे-बटाटे ठेवतात. "म्हटलं होतं ना, क्रेट भाजीचाच असतो," त्या मला म्हणाल्या. काल संध्याकाळी त्यांनी भज्यांसाठी माझ्यासमोर चार कांदे काढले आणि दार लावलं. धोतराची पट्टी अजून कडीवर आहे. जराही आवाज झाला नाही. नंतर दारातून मान वर करून बघत होता, आणि आत काका फूटपट्टी शोधत होते, कारण भजी कांद्याची करावीत की बटाट्याची, हे अजून ठरायचं होतं.