डीएपीसोबत पानिपत

जालन्याच्या नव्या मोंढ्यात बी-बियाण्यांची दुकानं इतकी की एका दुकानात भाव पटला नाही तर गिऱ्हाईक पायरी न उतरता दुसऱ्यात शिरतं. त्यातल्याच एका दुकानात कीटकनाशकाच्या बाटल्या संपतात आणि फवारणीचे पंप सुरू होतात, त्या कोपऱ्यात एक लाकडी मांडणी आहे. तिच्यावर 'खात्रीशीर' एवढंच रंगवलेलं दिसतं. पुढे 'संकरित वाण मिळतील' असंही होतं, पण ते आता पुस्तकांच्या मागे गेलं. या मांडणीसमोर उभं राहून जो शेतकरी "शेठ, हे काय मांडलं?" असं विचारतो, त्याची चारची एसटी चुकते.

या शेठसारखा माणूस महाराष्ट्रात तालुक्यागणिक एक तरी सापडतोच. कुठे तो निवृत्त मुख्याध्यापक असतो, कुठे पोस्टमास्तर, कुठे दातांचा डॉक्टर. त्या डॉक्टराच्या पेशंटांचे हाल विचारू नयेत, कारण तोंड उघडं आणि उत्तर द्यायची सोय नाही. खूण सगळ्यांची एकच. भेटल्यावर पहिलं वाक्य "वाचलंय का?" आणि तुम्ही "नाही" म्हणालात की एखाद्याला लॉटरी लागावी तसा चेहरा. तुम्ही "हो" म्हणालात तर बिचाऱ्याचा दिवस वाया जातो. मग तो असलं काही नाव काढतो की तुम्ही नाही म्हटलंच पाहिजे.

जालन्यात हा माणूस बियाण्याच्या दुकानात निपजावा, हे गावाच्या रीतीला धरूनच झालं. बद्रीनारायण बारवाल्यांनी याच गावात पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ साली महिको उभी केली आणि १९९८ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळवलं. तेव्हापासून इथे लग्नाच्या पंगतीतसुद्धा उगवणशक्तीवर चर्चा होते.

शेठकडे बियाणं मागायला गेलात तर आधी तुमचीच उलटतपासणी. जमीन भारी का मुरमाड? विहिरीला पाणी कधीपर्यंत? मागच्या साली त्या वावरात काय होतं? बोंडअळी किती आली? एकदा माझ्यासमोर एका माणसाला त्यांनी मागितलेलं वाण द्यायला चक्क नकार दिला. "तुमच्या रानात हे येणार नाही. दुसरीकडून घ्या, पण पेरू नका." धंदा घालवून खरं बोलणारा दुकानदार मोंढ्यात दुर्मीळ, म्हणून लोक त्यांच्याकडेच येतात.

आता हाच माणूस मांडणीकडे वळला की सगळं शास्त्र विसरतो. तिथे जमीन नाही, पाणी नाही, मागचं पीक नाही. जे वाण शेठच्या डोक्यात उगवलं, ते जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत उगवलंच पाहिजे. अंबडहून मोसंबीच्या फवाऱ्याचं औषध न्यायला आलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' दिलं. म्हाताऱ्याने चार दिवसांनी आणून परत केलं आणि म्हणाला, "शेठ, ह्या बाईनं तर कुणालाच सोडलं नाही. भीष्मालासुद्धा." शेठ त्यावर इतके खूश झाले की औषधाचे पैसे घ्यायचे राहिले. पण त्याच उत्साहात त्यांनी नव्या लग्न झालेल्या पोराला गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' दिला. घरून यज्ञाच्या दक्षिणेसाठी म्हणून निघालेला ब्राह्मण १८५७ च्या धामधुमीत झाशीत अडकतो, ते हे पुस्तक. नवरी म्हणाली, आपल्याला फिरायला जायचं होतं, तुम्ही हे काय वाचू लागलात?

पुस्तकं दुकानात आली त्याचं कारण वहिनी. घरात पाण्याचे ड्रम ठेवायला जागा उरली नाही तेव्हा त्यांनी शेठपुढे दोन पर्याय ठेवले आणि जालन्याच्या उन्हाळ्यात त्यातला कोणता टिकेल हे सांगायला नको.

प्रत्येक पुस्तकाच्या पाठीमागे शेठ बियाण्याच्या पिशवीवर असतं तसं लेबल डकवतात. 'युगान्त'वरचं मी वाचलंय. वाण: युगान्त. वर्ग: इतिहास, पण खात्री नाही. हंगाम: दोन्ही. उगवण: दुसऱ्या प्रकरणापासून. कीड: नातेवाईक नेतात आणि आणत नाहीत. खाली लॉट नंबर आणि शिक्का. मुदतीच्या रकान्यात मात्र कुठल्याच पुस्तकावर काही लिहिलेलं नाही. बियाणं नऊ महिन्यांत बाद होतं, हे आपल्या हातात नाही, असं ते म्हणतात. बोलताना सूर असा की ते हातात असतं तर त्यांनी तेही थांबवलं असतं.

मृग जवळ आला की मोंढ्यात 'लिंकिंग'ची बोंब सुरू होते. म्हणजे डीएपी खत पाहिजे तर सोबत कुणाला नको असलेली एखादी बाटली गळ्यात मारायची. शेठनी हा धंदा कधी केला नाही. पण एका हंगामात वरपर्यंत तक्रार गेली की अमुक दुकानात डीएपीसोबत पानिपत घ्यावं लागतं. तपासणीला साहेब आले. त्यांनी साठा रजिस्टर पाहिलं, पावत्या पाहिल्या, मांडणी पाहिली. पुस्तकाची किंमत शून्य, परत करायची मुदत नाही, सक्ती तोंडी. यात नियम कुठला मोडला हे साहेबांना ठरवता येईना. जाताना त्यांच्या काखेत अच्युत गोडबोल्यांचं 'किमयागार' होतं. साहेबांची पुढे बदली झाली. रजिस्टरमध्ये त्या ओळीसमोर शेठनी 'येणे बाकी' असं लिहून ठेवलंय.

डीएपीसोबतचं ते पानिपत एक नव्हतं, दोन होती. शेठचा डोस ठरलेला. आधी विश्वास पाटलांचं, म्हणजे हरलेलं. ते पचलं की जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा, म्हणजे जिंकलेलं. त्या कथेत विश्वासरावाला लागायची गोळी थोडक्यात चुकते, मराठे जिंकतात आणि हिंदुस्थानचा इतिहास वेगळ्याच रुळावरून धावू लागतो. गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात जाऊन पडतात आणि तिथल्या मुंबईत धाव घेतात ती ग्रंथालयात. ही गोष्ट शेठना फार पटते. दुसऱ्या जगात गेलं तर माणसाने आणखी करायचं काय?

या कथेवरून त्यांचा आणि सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांचा जुना वाद आहे. ड्युईच्या पद्धतीत विज्ञान ५०० ला, साहित्य ८०० ला, इतिहास ९०० ला. ही कथा ठेवायची कुठे? ग्रंथपाल म्हणतात, ८०० ला, विषय संपला. शेठ म्हणतात, तीन प्रती घ्या आणि तिन्हीकडे ठेवा. अनुदान इतकं कुठं येतं, हा ग्रंथपालांचा प्रश्न शेठ ऐकत नाहीत. उलट मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा ग्रंथालय कायदा १९५५ सालीच आला आणि पुण्यामुंबईला १९६७ पर्यंत थांबावं लागलं, हे ते ग्रंथपालांनाच सुनावतात. एकदा वैतागून ग्रंथपालांनी रंगनाथनांचे पाच नियम भिंतीवरून काढून त्यांच्या पुढ्यात ठेवले. १९३१ साली एकेकाळच्या एका गणिताच्या प्राध्यापकाने ग्रंथालयांसाठी घालून दिलेले हे नियम. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असे ते जातात. शेठनी दोन्हींवर मान डोलावली. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. त्याच्यावर त्यांनी चहाचा कप ठेवला.

नारळीकरांचा एक किस्सा शेठ गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय सोडत नाहीत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण नाव घातलं नारायण विनायक जगताप. आपलीच आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती लिहून काढली मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. हे ऐकून परतूरचा एक शेतकरी म्हणाला, "म्हंजे पाकिटावर दुसऱ्याचं नाव. बोगस बियाणंच की शेठ."

"उलटं आहे," शेठ जवळजवळ ओरडले. "वरून बोगस, आतून अस्सल!"

"आमच्या नशिबी असलं कधी येत नाही," परतूरकर म्हणाला.

पुण्याला संगणकात नोकरी करणाऱ्या भाच्याने एकदा शेठना एक आकडा पाठवला आणि त्यांची झोप उडवली. जॉर्डन एलेनबर्ग या अमेरिकी गणितज्ञाने २०१४ मध्ये गमतीने एक हिशेब काढला होता. किंडलवर वाचणाऱ्यांनी सर्वांत जास्त वेळा खुणा केलेली पाच वाक्यं घ्यायची, ती कितव्या पानावर येतात त्याची सरासरी काढायची, आणि एकूण पानांशी ताडून लोक पुस्तकात किती खोल गेले ते पाहायचं. स्टीफन हॉकिंगचं १९८८ चं काळावरचं गाजलेलं पुस्तक निघालं ६.६ टक्के. पिकेटीचं भांडवलावरचं जाडजूड पुस्तक २.४.

सोयाबीनच्या बियाण्याला कायद्याने किमान ७० टक्के उगवण लागते, संकरित कपाशीला ७५. शेठ दिवसभर कॅल्क्युलेटर घेऊन बसले. "६.६ ला तर लायसन जातं," असं स्वतःशीच म्हणाले. संध्याकाळी मात्र त्यांनी हॉकिंगची बाजू सावरली. उगवण कमी असेल, पण शुद्धता शंभर टक्के! मी त्यांची स्वतःची प्रत सहज उचलली. खूण म्हणून घातलेला कपाशीचा टॅग दुसऱ्या प्रकरणात होता आणि त्याचा रंग पार उडाला होता. मी पुस्तक जागेवर ठेवलं. त्यांनी पाहिलं, मी पाहिलं, आणि विषय मोसंबीच्या भावाकडे गेला.

त्यांचं एक मत मात्र मला मनापासून पटतं. डोकं हलवणाऱ्या पुस्तकांसाठी देशोदेशी कशाला जायचं, आपलाच जिल्हा त्या पुस्तकांत बसलाय, असं ते म्हणतात. मंठ्याच्या पुढे गेलं की लोणार, तिथे आकाशातून पडलेल्या दगडाने केलेलं विवर. ते बुलढाण्यात आहे ही तांत्रिक बाब झाली. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताची एक मूर्ती निघाली. तिच्यासारखीच एक १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली होती, म्हणजे सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटायच्या आधीच कुणीतरी ती तिथे नेलेली. भोकरदनचं गिऱ्हाईक आलं की शेठ त्याला काउंटरवरूनच इटलीला पाठवतात. बिचारा युरियाचं पोतं खांद्यावर घेऊन ऐकत उभा असतो.

आणि असईची लढाई. २३ सप्टेंबर १८०३. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली एका बाजूला, शिंदे-भोसल्यांची फौज दुसऱ्या बाजूला. वॉटर्लू जिंकूनही हा गृहस्थ म्हातारपणी आपली सर्वांत मोठी कामगिरी म्हणून असईचं नाव घ्यायचा. बर्नार्ड कॉर्नवेलने तिच्यावर 'शार्प्स ट्रायम्फ' नावाची कादंबरी लिहिली. ती शेठकडे आहे, इंग्रजीत, आणि आख्ख्या मोंढ्यात तिच्यावरची धूळ झटकणारे ते एकटेच.

एका जूनमध्ये सोयाबीनच्या दोन पिशव्या न्यायला एक शेतकरी आला. शेठनी पावतीवर लिहायला गाव विचारलं. तो म्हणाला, "असई." शेठनी पेन खाली ठेवलं. मागे रांग होती, ती त्यांना दिसेनाशी झाली.

"वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती," ते म्हणाले. "वाटाडे म्हणाले, इथं उतार नाही. त्यानं काय केलं? पाहिलं तर दोन काठांवर दोन गावं समोरासमोर. पिंपळगाव अन् वरूड. तो म्हणाला, गावं इतकी जवळ, म्हणजे मधे उतार असणारच! अन् फौज घातली पाण्यात. काय डोकं म्हणावं!"

शेतकरी थोडा वेळ वाट पाहत राहिला, पुढे काही आहे की काय म्हणून.

"त्याच्यात डोकं कामून लागतं शेठ? दोन गावं समोरासमोर म्हणल्यावर उतार असणारच की. नाहीतर सोयरिकी कशा जमल्या असत्या?"

रांगेतले लोक हसले. शेठ हसले नाहीत. या लढाईवर इंग्रजांनी इतकी पानं लिहिली, त्यांतली निदान अर्धी त्या माणसाने दोन वाक्यांत वाया घालवली होती. पावती करून झाल्यावर शेठनी काही न सांगता, लेबलही न वाचून दाखवता, नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' पिशव्यांवर ठेवलं. जिंकलेलं पानिपत त्यातच आहे. हरलेलं आधी द्यायचं राहून गेलं.

दिवाळीच्या आधी तो परत आला. हरभऱ्याचं बियाणं पाहिजे होतं. सोयाबीन चांगलं उगवलं होतं. शेठनी भीतभीतच पुस्तकाचं विचारलं.

"मपल्याला कुठला वेळ? पोरगं वाचू लागलंय. दोनदा झालं त्याचं. त्यानं तुम्हाला इचारायला सांगितलंय. पानिपत मराठे जिंकले असते, तर मग आमच्या गावची लढाई झाली असती का नाही? अन् नाही झाली, तर त्या गोऱ्याचं नाव कुणी घेतलं असतं का?"

मी तिथेच बाकावर बसलो होतो. शेठचा हात सवयीने मांडणीकडे गेला, 'किमयागार'च्या मोकळ्या जागेवरून फिरला, कॉर्नवेलवर थांबला आणि परत आला. मग त्यांनी हरभऱ्याची पिशवी बाजूला सारली, खुर्ची पुढे ओढली आणि त्या माणसाला समोर बसवलं.

"पोरगं कितवीला? स्वभावानं कसं आहे, शांत का धडपड्या? गणित जमतं का? घरी रात्री लाइट किती वाजेपर्यंत असते? वावरात कामाला लावता का शाळेतून आल्यावर? भावंडं किती?"

शेतकरी जरा मागे सरकला. एकदा शेठकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"शेठ," तो हळूच म्हणाला, "पोरगं सातवीला आहे. अजून लई टाइम आहे त्याच्या लग्नाला."