कचराळीत खोली मिळेल का?

माजिवडा नाक्याजवळ नवं हॉटेल उघडलं आणि आमच्या अण्णांना आमंत्रण आलं. अण्णा गावठाणातले मूळचे आगरी. बांधकाम चालू असताना पाण्याचे टँकर त्यांच्या पुतण्याने पुरवले होते, एवढाच संबंध. मला सोबत नेलं ते, त्यांच्या शब्दांत, "इंग्लिश बोलाला".

पण ती वेळ आलीच नाही. दारातच नऊवारी नेसलेल्या मुलीने अण्णांना ओवाळलं आणि म्हणाली, "वेलकम टू ठाणे!" सत्तर वर्षं ठाण्यात काढलेले अण्णा थँक्यू म्हणून मोकळे झाले.

आत भिंतभर वाफेच्या इंजिनाचं चित्र. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, ४०० पाहुणे. "एवढं अंतर तासाभरात?" मी म्हटलं. अण्णा म्हणाले, "संध्याकालचा माजिवड्यावरनं ठेसनाला जाऊन बग. तेवराच टाइम लागतं."

मॅनेजर तरुण, उत्साही आणि ठाण्यात अवघा दोन महिन्यांचा. हॉटेलची गंमत त्याने लिफ्टमध्ये सांगितली. ठाणे हे तलावांचं शहर, म्हणून इथल्या खोल्यांना नंबर नाहीत, तलावांची नावं आहेत. मासुंदा, उपवन, रायलादेवी. आता मासुंदा हे नाव ठाणेकराच्या तोंडी क्वचितच येतं. फिरायला जातो तो तलावपाळीला. पण दारावर 'तलावपाळी' लिहिलं तर पाटी लांब होते, हेही खरं. सगळ्यात भारी खोलीचं नाव 'मखमली'. हे त्याने योजलंय असं कोणालाही वाटेल, पण मखमली तलाव खरोखरच ठाण्यात आहे, हॉटेलच्या कितीतरी आधीपासून.

'कचराळी'ची पाटीही तयार होती, फक्त लावली नव्हती. चादरींच्या कपाटाला टेकवून ठेवलेली. बाहेरगावचे पाहुणे नाव वाचून नाक मुरडतील, ही धास्ती. मला वाईट वाटलं. महापालिकेच्या मुख्यालयाशेजारचा तो तलाव. पाचपाखाडीतली निम्मी गुडघेदुखी रोज सकाळी त्याच्याभोवती फिरते. मला विचाराल तर मी तीच खोली मागेन.

'उपवन'मध्ये अण्णांनी पडदा सरकवला. समोर उड्डाणपूल, त्याच्या डोक्यावर मेट्रोचे खांब. "मना त पूल दिसतंय. तलाव कंचा?" मॅनेजरने पलंगामागच्या फोटोकडे बोट दाखवलं.

मग जेवण. काळ्या पाटीवर तांदळाच्या भाकऱ्या आल्या, पेढ्याएवढ्या, प्रत्येकीवर चिमूटभर जवळ्याची चटणी आणि वर कसलंसं फूल. अण्णांच्या घरची भाकरी मी पाहिली आहे. उकड मळून, पाण्याच्या हाताने थापलेली, ताटाच्या काठाला काठ लावणारी. तव्यावर फुगली की काकू बोटाच्या टोकाने पदर सुटलाय का बघतात, आणि सुटला नसेल तर ती भाकरी पाहुण्याच्या पानात जात नाही, स्वतःच्या पानात जाते. अण्णांनी त्या पेढ्याला नख लावलं. पदर सुटला! एवढ्याशा जिवाला! त्यांनी मान डोलावली आणि आतल्या बाईंना बाहेर बोलवायला सांगितलं. बाई बाळकुमच्या निघाल्या. पुढची दहा मिनिटं कोणाची सून, कोणाची मावसबहीण यात गेली, आणि येताना बाईंनी आतून एक ताटाएवढी भाकरी आणली. ती मेनूत नव्हती.

निघताना मॅनेजर म्हणाला, एका खोलीला अजून नाव सुचत नाहीये. जरा छोटं, मॉडर्न वाटेल असं हवंय.

"जेल," अण्णा म्हणाले.

तसा तलाव आहे, तुरुंगाच्या शेजारीच. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकलेला किल्ला म्हणजेच आजचं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह. मी हे सगळं सांगायला तोंड उघडलं, तोच अण्णांनी माझा पाय दाबला.

"जेल," मॅनेजर पुटपुटला. "फ्रेश वाटतंय." आणि त्याने ते वहीत लिहून घेतलं.