थकबाकीदार

विद्यापीठांनी विद्यार्थिवर्गावर जे उपकार केले आहेत त्यांत एटीकेटीचा क्रम फार वरचा लागतो. शंभरांपैकी चाळीस गुणांची वेस ज्याला ओलांडता आली नाही त्यालाही, बुडालेले विषय मागाहून काढण्याच्या कबुलीवर, वरच्या वर्गात रुजू होऊ देणारी ही सवलत ज्या कोणा सहृदय गृहस्थाने प्रथम मंजूर केली त्याच्या मनात केवळ दयाबुद्धी असावी. परंतु तिच्या आश्रयाने आमच्या नगरच्या महाविद्यालयांत एक स्वतंत्र जमातच उदयास येईल, याची त्या बापड्याला कल्पनाही नसेल. या जमातीच्या मनुष्याला मी थकबाकीदार म्हणतो.

आमचा थकबाकीदार पाथर्डी तालुक्यातला, करंजीकडचा. वडील गावच्या विकास सोसायटीचे सभासद असून दर मार्चअखेरीस ते शिरस्त्याप्रमाणे नवे-जुने करतात. म्हणजे हातउसने पैसे आणून जुने पीककर्ज भरतात आणि चार-आठ दिवसांत तितकेच कर्ज पुन्हा उचलून हातउसने फेडतात, ज्यायोगे कर्ज आहे तिथेच राहते आणि सभासद मात्र दफ्तरी नियमित ठरतो. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विख्यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या जिल्ह्यातल्या मुलाने सहकाराचा एवढा एक धडा घरबसल्या आत्मसात करावा यात नवल ते काय? दर सत्रात तो एक जुना विषय काढतो व एक नवा ठेवतो. अपवाद फक्त पहिल्या वर्षाच्या अर्थशास्त्राचा. ते मात्र मुद्दलासारखे अढळ आहे. रंगपंचमीच्या सुमारास मढीला कानिफनाथांची यात्रा भरते आणि तिथला गाढवांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत वडील अंगणात विडी ओढता ओढता चिरंजीवांकडे निरखून पाहतात आणि “औंदा भाव बरा हाय म्हनं,” एवढेच बोलतात.

तथापि हा प्राणी आळशी आहे असा कोणी ग्रह करून घेऊ नये. जेवढे श्रम अर्थशास्त्र काढायला लागले असते त्याच्या दसपट श्रम घेऊन त्याने परीक्षेच्या नियमावलीचा व्यासंग केला आहे. परीक्षा अर्जाची साधी मुदत कधी संपते, विलंब शुल्क केव्हा लागू होते, त्यापुढचे अतिविलंब शुल्क कोणत्या तारखेपर्यंत स्वीकारतात, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आधी मागवावी की थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज गुदरावा, हे सर्व त्याला मुखोद्गत असून खुद्द कार्यालयातील लेखनिक अडल्यास खिडकीतून मान बाहेर काढून त्याला हाक मारतात. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेलेली नवशिकी मुले त्याच्याकडून अर्जाचा मसुदा करवून घेतात, आणि त्या मसुद्यात ‘सबब विनंती की’ हे शब्द जिथे येतात तिथे प्राचार्यांचेही मन द्रवते असा त्याचा लौकिक आहे. मोबदला म्हणून तो एक कटिंग घेतो. क्वचित वडापाव.

शहर आणि भिंगार यांच्या दरम्यान भुईकोट किल्ला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये ब्रिटिशांनी पंडित नेहरूंना तिथे स्थानबद्ध केले आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा प्रचंड ग्रंथ तिथेच लिहून काढला. एका प्राध्यापकांनी हे उदाहरण देऊन त्याला लाज वाटावी असा प्रयत्न केला, तेव्हा क्षणभर विचार करून तो म्हणाला, “सर, त्यांना आत मोबाइल नव्हता.” प्राध्यापकांना यावर उत्तर सुचले नाही. मलाही अद्याप सुचलेले नाही.

आता त्याच्या प्रेमाविषयी. ती तिसगावची; त्याच वर्गातली, पहिल्या बाकावरची, नोट्स सुवाच्य अक्षरात काढणारी. त्या नोट्सची झेरॉक्स मागण्यापासून ओळखीचा प्रारंभ झाला, आणि पुढे त्याने असा एक पराक्रम केला की जो त्याच्या सबंध शैक्षणिक कारकिर्दीत अपूर्व ठरावा: एसटीचा सवलतीचा मासिक पास त्याने स्वतःच्या गावापर्यंत न काढता तिसगावपर्यंत काढला. विद्यार्थ्याला भाड्याच्या एकतृतीयांशच पैसे पडतात हे खरे. पण आपला थांबा सोडून पुढे जायचे, ती उतरून गेली की रस्ता ओलांडून उभे राहायचे आणि मिळेल त्या गाडीने उलटे यायचे, हा नित्यक्रम दोन वर्षे एकही खाडा न पडू देता पाळणारा मनुष्य वर्गात मात्र का टिकत नव्हता, याची चौकशी शिक्षणशास्त्रज्ञांनी करण्याजोगी आहे.

पाथर्डीच्या रस्त्यावर डोंगरमाथ्यावर जी तिमजली अष्टकोनी दगडी इमारत दिसते, तिला सारा जिल्हा चांदबिबीचा महाल म्हणतो आणि जिल्ह्यातली यच्चयावत प्रेमी जोडपी तिथे वारा खायला जातात. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याने, चार मैत्रिणींसह का होईना, तिला तिथे नेले आणि संधी साधून चांदबिबीच्या प्रीतीविषयी स्वतः रचलेली एक कथा सांगून मूळ विषयाला हात घातला. ती इतिहासाची विद्यार्थिनी. तिने शांतपणे सांगितले, की हा महाल नसून मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ही कबर आहे, आणि पहिल्या वर्षाचे अर्थशास्त्र निघेपर्यंत दुसरा कोणताही विषय काढू नये. दुसऱ्या कोणी हा नकार समजला असता. थकबाकीदाराने तो ‘निर्णय तहकूब’ असा नोंदवून घेतला, कारण त्याच्या मते अर्ज फेटाळणे निराळे आणि त्रुटीपूर्तीसाठी परत करणे निराळे.

पहिले वर्ष पूर्ण सुटल्याखेरीज तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही, असा नियम आहे आणि त्या एका नियमापुढे त्याची विद्वत्ता चालली नाही. ती पुढे गेली, पदवी घेऊन बाहेर पडली, २०२३ च्या भरतीत तलाठी झाली. इकडे अभ्यासक्रम बदलला. जुन्या अभ्यासक्रमाची प्रश्नपत्रिका घेऊन एका दालनात तो एकटा आणि समोर एक पर्यवेक्षक, असे दृश्य मी स्वतः पाहिले आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले तेव्हा आपली गुणपत्रिका आता कोणत्या नावाने येणार, ही शंका त्याने सर्वांच्या आधी उपस्थित केली.

गेल्या पावसाळ्यात वडिलांना सातबारा लागला म्हणून तो तिच्या सज्जावर गेला. उतारा पाहून ती म्हणाली, “सोसायटीचा बोजा तसाच आहे अजून. आणि अर्थशास्त्र रे?”

“हिवाळीला निघेल,” तो म्हणाला.

हिवाळी परीक्षेचा त्याचा अर्ज दाखल झालेला आहे, अतिविलंब शुल्कासह.