दाजींची चोवीस क्रेडिटं

आमच्या दाजींच्या घरी दर दोन वर्षांनी दोन गोष्टी येतात. एक बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन आणि दुसरी दाजींच्या वकिलीच्या नोंदणीची मुदत. अधिवेशनासाठी फेटा, हॉटेलची खोली आणि पंगतीत उकडीचे मोदक आहेत की तळणीचे, ही चौकशी वर्षभर आधीच झालेली असते. नोंदणीची तयारी मात्र वाढदिवसाच्या सकाळी सुरू होते.

न्यूयॉर्क राज्याचा नियमच तसा आहे. वकिलाने दर दोन वर्षांनी, वाढदिवसानंतरच्या तीस दिवसांत नव्याने नोंदणी करायची आणि 'मधल्या काळात मी २४ क्रेडिटांचं शिक्षण घेतलं' असं लिहून द्यायचं. जन्मतारीख तरी वकील विसरणार नाही, असं नियम करणाऱ्याला वाटलं असावं. दाजींना तारीख पक्की आठवते. यंदाचं वर्ष नोंदणीचं की मोकळं, एवढंच त्यांच्या लक्षात राहत नाही. 'अगं, यंदा नाहीये, पुढच्या वर्षी आहे,' असं ते ताईला ठासून सांगतात. ताई काही न बोलता मेल उघडून त्यांच्यापुढे धरते.

दाजी पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजचे. तिथून न्यूयॉर्कला एलएल.एम.ला आले, बारची परीक्षा दिली आणि इथलेच झाले. घर एडिसनला, ऑफिस क्वीन्समध्ये जॅक्सन हाइट्सला, काम इमिग्रेशनचं. तारीख न पाळणाऱ्या माणसाचा दाजींइतका राग जगात कोणाला येत नसेल. एच-वन-बीची नोंदणी मार्चमध्ये असते आणि दाजी जानेवारीपासूनच अशिलांच्या मागे लागतात. एकाने सांगितलं, 'सर, बहिणीचं लग्न आहे, कागद पुढच्या आठवड्यात देतो.' दाजी म्हणाले, 'सरकारला अक्षता पाठवल्यात का? मग सरकार थांबणार नाही.' मुलगा मांडवातून पदवीचं प्रमाणपत्र स्कॅन करून पाठवता झाला. त्याच दाजींच्या खात्यावर तेव्हा चोवीसपैकी शून्य क्रेडिटं होती आणि पावणेदोन वर्षं उलटून गेली होती.

असे दाजी न्यूयॉर्कात गल्लोगल्ली आहेत. काही वकील पहिल्या सहा महिन्यांतच सगळी क्रेडिटं उरकतात म्हणे. ते लग्नाला मुहूर्ताच्या आधी पोचणाऱ्यांपैकी असावेत. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं.

इथे क्रेडिटाचा तास पन्नास मिनिटांचा असतो. त्यात चहा, जेवण, प्रास्ताविक, 'आजचे वक्ते' यातलं काहीही धरत नाहीत. दाजींना हे फार लागतं. मराठी माणसाच्या कार्यक्रमातून प्रास्ताविक आणि चहा काढला तर उरतं काय, असा त्यांचा सवाल आहे. चोवीसपैकी चार क्रेडिटं व्यावसायिक नीतिमत्तेची हवीत. एक विविधतेचं आणि पूर्वग्रह दूर करण्याचं, आणि २०२३च्या जुलैपासून एक सायबर सुरक्षेचं. उरलेली वाटेल त्या विषयाची चालतात. यंदा दाजींनी घोड्यांच्या खरेदी-विक्रीतले करार ऐकले. क्वीन्समध्ये त्यांच्याकडे घोड्याचा अशील आजवर आलेला नाही, पण तो कोर्स फुकट होता.

कोर्स घरबसल्या बघता येतात, पण वकील माणसावर भरवसा कोण ठेवणार? म्हणून व्याख्यानात मध्येच कुठेतरी एक कोड सांगतात. तो टिपून घ्यायचा आणि शेवटी 'मी हा कार्यक्रम पूर्ण ऐकला' या प्रतिज्ञेबरोबर फॉर्मवर लिहायचा. तो कधी येईल ते आधी सांगत नाहीत. त्यामुळे दाजी पन्नास मिनिटं कायदा ऐकत नाहीत, कोडाची वाट बघतात. एकदा सकाळच्या लोकलमध्ये त्यांनी कानात लावलं, 'आता कोड सांगतो, लिहून घ्या,' असं वक्ता म्हणाला आणि गाडी हडसन नदीखालच्या बोगद्यात शिरली. पेन स्टेशनला वर आले तेव्हा वक्ता श्रोत्यांचे आभार मानत होता. दाजींनी ते व्याख्यान पुन्हा सुरुवातीपासून लावलं आणि जॅक्सन हाइट्सला जाणाऱ्या ई ट्रेनमध्ये, भुयारातच, पुन्हा घालवलं.

यंदाच्या वाढदिवसाला आम्ही सगळे जमलो होतो. ताई निरांजन लावून उभी, पाटाभोवती रांगोळी, आणि पाटावर दाजी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले. विषय नीतिमत्ता. अशिलाचे पैसे स्वतःच्या खात्यात का मिसळू नयेत ते एक बाई समजावत होत्या.

'अहो, तो डबा खाली ठेवा.'

'अगं, कोड येईल.'

'कुंकू लावू कसं? मान वर करा.'

दाजींनी मान वर केली आणि त्याच क्षणी पडद्यावर कोड झळकून गेला. माझा भाचा शेजारीच उभा होता. त्याने तो पाहिला होता, पण फुकट सांगेना. वीस डॉलरवर सौदा ठरला. नीतिमत्तेचं क्रेडिट मुलाला लाच देऊन मिळवलं, याबद्दल मी दाजींना छेडलं तर ते शांतपणे म्हणाले, 'प्रतिज्ञेत ऐकलं असं लिहायचं असतं. ऐकलं मी. पाहिलं असं कुठं लिहायचंय?' असं उत्तर तयार असणाऱ्या माणसाला आणखी कसलं शिक्षण द्यायचं, हे मला खरंच कळत नाही.

सायबर सुरक्षेचं क्रेडिट त्यांनी स्वयंपाकघरात मिळवलं. पासवर्ड कुठेही लिहून ठेवू नये, असं व्याख्याता सांगत होता. लॅपटॉपच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवरून पासवर्ड वाचूनच दाजींनी ते व्याख्यान उघडलं होतं.

एकदा ताईने तोडगा सुचवला, 'तुम्हीच शिकवा की. शिकवणाऱ्याला पन्नास मिनिटांची तीन क्रेडिटं मिळतात.' दाजी म्हणाले, 'मिळतात, पण मग तयारी करावी लागते.'

हे सगळं सुरू कोणी केलं, हा दाजींचा मुदतीच्या महिन्यातला आवडता विषय. अमेरिकेत वकिलांवर शिक्षणाची सक्ती पहिल्यांदा केली मिनेसोटाने, १९७५ साली. न्यूयॉर्कने जुन्या वकिलांना वेठीला धरलं ते १९९८च्या अखेरीस. मेरिलँड आणि मॅसॅच्युसेट्समध्ये आजही अशी चोवीस-बिवीस क्रेडिटं कोणी मागत नाही, आणि त्या महिन्यात दाजी बॉस्टनमधल्या घरांच्या किमती बघत बसतात. मिनेसोटाने ही सक्ती आणली त्या काळात वॉटरगेटचं प्रकरण ताजं होतं आणि त्यात एवढे वकील अडकले होते की धंद्याची लाज राखायला काहीतरी करणं भाग होतं. दाजी त्यामुळे सगळा दोष निक्सनला देतात. त्यातल्या जॉन डीन यांच्यावर तर त्यांचा विशेष जीव. डीन व्हाइट हाउसचे वकील होते. त्यांनी गुन्हा कबूल केला, त्यांची वकिली गेली, आणि पुढे कित्येक वर्षांनी तेच गावोगाव वकिलांना वॉटरगेटवर नीतिमत्तेची व्याख्यानं देऊ लागले. त्यांच्या व्याख्यानाची क्रेडिटं मिळतात. 'पाहिलंस?' दाजी मला म्हणतात, 'अनुभवाला किंमत आहे.'

मला यात खटकतं ते वेगळंच. इमिग्रेशनचा एखादा नियम रातोरात बदलतो तेव्हा दाजी पहाटेपर्यंत जागतात. सरकारी राजपत्राची पानंच्या पानं छापून रेघा ओढतात, जुने निकाल काढतात, आणि सकाळी घाबरलेल्या अशिलाला चार वाक्यांत समजावून सांगतात. ती दाजींची खरी विद्या. पण स्वतःचं स्वतः वाचलेलं इथे धरत नाहीत, त्याचं क्रेडिट शून्य. आणि घोड्याच्या करारावर डोळा लागला तरी एक.

साताऱ्याला दाजींचे थोरले बंधू जिल्हा न्यायालयात वकिली करतात. त्यांच्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद आहे, आणि ती घेतल्यापासून 'काय शिकलात?' असं त्यांना कोणी विचारलेलं नाही. नव्या पोरांना सनदेनंतर बार परीक्षा द्यावी लागते, तेवढीच. वाढदिवसाला व्हिडिओ कॉल लागला तेव्हा त्यांनी लॅपटॉपकडे बघून विचारलं, 'काय रे, पन्नाशी उलटली, अजून क्लास सुटले नाहीत?' दाजींनी चोवीस क्रेडिटांचा हिशेब सांगितला. दादा मनापासून हळहळले.

पण १ जुलै २०२४ला भारतीय दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, तेव्हा या दादांची झोप उडाली होती. खुनाचं ३०२ कलम १०३ झालं, फसवणुकीचं ४२० गेलं आणि ३१८ आलं. जन्मभर तोंडपाठ असलेली कलमं एका रात्रीत बदलली. दादांनी बाजारातून दोन्ही कायद्यांचा तक्ता आणला, टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि रोज सकाळी पूजेनंतर दहा कलमं म्हणायला लागले. वहिनींना वाटलं, नवं स्तोत्र आहे. कोड नाही, प्रतिज्ञा नाही, पन्नास मिनिटं नाहीत. कोर्टात न्यायाधीशांसमोर जुनं कलम तोंडून गेलं तर समोरचा ज्युनिअर हसेल, एवढी एक धास्ती. महिन्याभरात सगळं पाठ.

'दादा, इथं असतास तर यातलं एकही धरलं नसतं,' दाजी म्हणाले.

'मग तू काय काय शिकलास सांग की.'

दाजींनी बराच विचार केला. मग घोड्याच्या विक्रीआधी जनावराच्या डॉक्टरकडून तपासणी कशी करून घ्यावी, ते दादांना व्यवस्थित सांगितलं. दादांनी ते लिहून घेतलं. त्यांच्याकडे शर्यतीच्या बैलांची भानगड असलेला एक अशील आहे.

तिसाव्या दिवशी रात्री पावणेबाराला दाजींनी फॉर्म भरून पाठवला. ताईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि टेबलभर पसरलेली प्रमाणपत्रं गोळा करायला घेतली, कारण ती चार वर्षं जपून ठेवावी लागतात. मोजता मोजता ती थांबली. चोवीस नव्हे, पंचवीस भरली होती. घाईत एक कोर्स जास्तीचा झाला होता. सहापर्यंत क्रेडिटं पुढच्या खेपेला ओढता येतात, असा नियम आहे. दाजींच्या आयुष्यात तो पहिल्यांदाच लागू झाला होता. त्यांनी ते प्रमाणपत्र वेगळं काढलं, नव्या फायलीत लावलं, फायलीवर पुढच्या मुदतीचं साल घातलं आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, 'चला, यंदा सुरुवात वेळेवर झाली.' त्या एका क्रेडिटाच्या भरवशावर फाइल तेव्हापासून मिटलेलीच आहे.