कॉम्प्युटरला हात लावू नये

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला की पहिला धडा चपला बाहेर काढण्याचा. गाभाऱ्याचे सगळे नियम लॅबला लागू. आत बोलायचं नाही, मूर्तीला हात लावायचा नाही आणि प्रसाद, म्हणजे प्रिंटआउट, मागायचा नाही. किल्ली लॅबवाल्या काकांच्या कनवटीला. काका भाचीच्या लग्नाला गेले की त्या आठवड्याचं प्रॅक्टिकल 'थिअरीत कव्हर' होतं.

अर्थात कॉम्प्युटरवाचून काही अडत नाही. इथं हा विषय पेनाने शिकतात. प्रोग्रॅम आधी कच्च्या वहीत, मग जर्नलमध्ये. रेघांच्या पानावर कोड, समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आउटपुट, आणि आउटपुटला पट्टीने आखलेली चौकट. चौकट नाही तर सही नाही, सही नाही तर सर्टिफिकेट नाही. प्रोग्रॅम चालतो का, असं विचारणारा या साखळीत कुणीच नाही, म्हणून तर ती इतकी सुरळीत चालते. वर्गात सुंदर अक्षराची एक मुलगी असते. सबमिशनच्या आदल्या रात्री तिचं जर्नल हॉस्टेलभर फिरतं. तिचा एक सेमीकोलन राहून गेला की तो साऱ्या वर्गाचा राहतो. आउटपुट मात्र सगळ्यांचं बरोबर येतं.

क्वचित लॅब उघडतेच. तेव्हा पडद्यावर तो निळा टर्बो सी प्लस प्लस अवतरतो. बोरलँड कंपनीने तो 1990 च्या सुमारास डॉससाठी काढला. आता डॉस उरली नाही, म्हणून नव्या विंडोजच्या पोटात डॉसबॉक्स नावाची खोटी डॉस उभी करून तिच्यात त्याला नांदवतात. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाणक 1998 साली ठरलं आणि त्यात 'आयओस्ट्रीम डॉट एच'मधला 'डॉट एच' गळाला. ही बातमी अजून आमच्या तालुक्याला पोचायची आहे. रस्त्याचं काम चालू आहे.

टर्बोतला पूर्णांक दोन बाइटांचा. 32767 मध्ये एक मिळवला की उत्तर उणे 32768. पोरं दचकतात, सर दचकत नाहीत. तुकडी विनाअनुदानित, सर तासिका तत्त्वावर. त्यांचं मानधन या दोन बाइटांत ऐसपैस मावतं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर नुसता शून्यच साठवायचा असतो. एवढं असून हा माणूस पॉइंटर शिकवताना फळ्यावर असे काही बाण काढतो की मागच्या बाकावरचा पोरगाही मान वर करतो. त्याच्यावर विनोद करायला माझा हात धजत नाही. पुढे जाऊ.

प्रॅक्टिकल परीक्षेत स्लिप उचलायची. स्लिपा आधीपासून ठरलेल्या आणि त्यांची उत्तरं एसटी स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे, मायक्रो करून. त्याचं शिक्षण दहावीपर्यंत. पण कुठल्या स्लिपचा कोड चालत नाही, हे अख्ख्या तालुक्यात त्यालाच ठाऊक. तिसऱ्या वर्षाचा प्रोजेक्टही तोच बाइंड करून देतो, काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम'. दरवर्षी त्याची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात जमा होते. तिची नोंद ग्रंथपाल रजिस्टरमध्ये शाईने करतात.

हे सारं मागासलेपण आहे, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो. मग 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. पोरांचे निबंध आणि कोड यंत्रच लिहू लागलं. हादरलेल्या अमेरिकी प्राध्यापकांनी कॉम्प्युटर बाजूला सारून 'ब्लू बुक' नावाच्या कागदी उत्तरपत्रिका पुन्हा बाहेर काढल्या. पोरांनी समोर बसून हाताने लिहायचं!

आमच्या प्राचार्यांनी ही बातमी कात्रून कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत लावली. सातव्या निकषाखाली 'बेस्ट प्रॅक्टिसेस' दाखवाव्या लागतात. पहिली जागा वृक्षारोपणाने कायमची अडवलेली. दुसरीत त्यांनी लिहिलं, 'संगणकविरहित संगणकशिक्षण, अमेरिकेच्याही आधीपासून.' पुराव्याला जिओटॅग केलेले फोटो हवेत. तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या पोरांना जर्नलं घेऊन गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांशेजारी उन्हात बसवलं आणि एकाच फोटोत दोन्ही प्रॅक्टिसेस उरकल्या.