घरच्या प्रिंटररावांस अनावृत पत्र

श्री. प्रिंटरराव यांस,
मुक्काम बैठकीचा कोपरा, गंगापूर रोड, नाशिक.

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपण ‘ऑफलाइन’ आहात असे आतल्या खोलीतला लॅपटॉप सांगतो. आपला दिवा हिरवा आहे, पोटात कागद आहे, मधूनच आपण कुरकुरताही. तरी लॅपटॉपच्या लेखी आपण या जगात नाही. निफाडहून आलेले मामा सोफ्यावर बसून आहेत. त्यांचा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून निमिषात उतरला. तिथून कागदापर्यंतची दहा पावले मात्र आपल्या मर्जीवर अडली आहेत.

आपण राहता त्या गावाची थोडी ओळख करून देतो. देशाची टपाल तिकिटे पूर्वी लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून यायची. १९२६पासून ती नाशिकरोडला छापली जाऊ लागली. १९२८मध्ये तिथेच नोटांचा छापखाना सुरू झाला आणि पंचम जॉर्जच्या छबीची पाच रुपयांची नोट बाहेर पडली. पासपोर्टच्या पुस्तिकाही तिथल्याच. त्या फाटकावर सीआयएसएफचा पहारा असतो, आणि तो असायलाच हवा. पण तेवढाच बंदोबस्त आपण बैठकीच्या कोपऱ्यात कशासाठी ठेवलात? आपल्या हातून आजवर वीजबिले, शाळेचे प्रकल्प आणि सत्यनारायणाची निमंत्रणे एवढाच राष्ट्रीय ऐवज छापून झाला आहे.

बंदोबस्त तरी कसा चोख! वायफाय पहिल्यांदा जोडताना कोणी घाईत ‘पब्लिक’वर टिचकी मारली, की आमची बैठक आणि मध्यवर्ती बसस्थानकाचा फलाट यांत संगणकाला काही फरक उरत नाही, तो कोणालाच ओळख देत नाही. तिथून सुटलो तर पासवर्डची चौकट. रोज लॅपटॉप उघडताना टाकतो तो चार आकडी पिन इथे चालत नाही, कारण पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो. दुसऱ्या संगणकाच्या दारात खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो खाते उघडताना एकदाच टाकलेला, आणि ज्याने टाकला तो चिरंजीव आता पुण्याला हॉस्टेलवर.

हे सगळे पार पडले तरी आपण ज्या जुन्या संगणकाला यूएसबीच्या वायरीने बांधलेले आहात, तो जागा हवा. तो झोपला की आपणही झोपलात. आमचे वडील रात्री दहाला ‘उगाच वीज जळते’ म्हणत भिंतीवरचे बटण बंद करतात. त्यांना नेटवर्क कळत नाही असे आम्ही म्हणतो खरे, पण घरातला सगळ्यात खात्रीचा फायरवॉल तेच आहेत.

पूर्वी आपण असे नव्हता. १९९२मध्ये ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’ आले आणि छोट्या कचेऱ्यांतले संगणक वेगळा सर्व्हर न ठेवता एकमेकांच्या फायली वापरू लागले. पुढे एक्सपीच्या काळात तर फोल्डरवर उजवी टिचकी मारली की काम झाले. तेव्हाही गमती होत्याच. एक्सपीची ‘होम’ आवृत्ती आपल्या गटाचे नाव ‘एमएसहोम’ ठेवी, ‘प्रोफेशनल’ मात्र ‘वर्कग्रुप’. म्हणजे एकाच घरात दोन चुली. २००९मध्ये विंडोज ७ने ‘होमग्रुप’ आणले, घरासाठी एकच पासवर्ड. लोकांच्या तो कुठे अंगवळणी पडू लागला होता, तर २०१८मध्ये विंडोज १०मधून ती सोयच काढून टाकली.

संशयाला कारण नव्हते असे मी म्हणणार नाही. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक ओलीस धरले, ब्रिटनमधल्या इस्पितळांतली कामे ठप्प केली. तो शिरला फायली वाटून घेण्याच्या एसएमबी नावाच्या जुन्या व्यवस्थेतल्या भोकातून. २०२१मध्ये छपाईची रांग सांभाळणाऱ्या स्पूलरमध्येच भगदाड सापडले. ते बुजवायला आलेल्या दुरुस्त्यांनी कितीतरी कचेऱ्यांतले सामायिक प्रिंटर गप्प केले. म्हणून शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा येतो, ‘काका, फायरवॉल बंद करून टाकू’ म्हणतो, तेव्हा त्याला चहा द्यावा आणि माउस काढून घ्यावा. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करून त्यापुरते ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू केले की पुरते. त्यासाठी भिंत पाडावी लागत नाही.

आपल्या जातीच्या आडमुठेपणाने इतिहासही घडवला आहे, हे मान्य. एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर सारखा कागद अडकवायचा. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याचा प्रोग्रॅम सुधारायचा होता, पण मूळ संहिता कोणी देईना. तो राग मनात राहिला आणि १९८३मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. आज अर्धे इंटरनेट ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते, त्याच्या मुळाशी असा एक अडेलतट्टू प्रिंटर आहे. तेव्हा आमच्या रागाकडेही आपण जरा आदराने पाहावे.

आमचा निर्णय असा. येत्या रविवारी आपली यूएसबीची वायर काढण्यात येईल. आपल्या अंगी वायफाय आहे, ते खोक्यावर छापलेले आहे. आपण थेट राउटरला जोडले जाल, आणि पत्ता रोज बदलू नये म्हणून राउटरमध्ये आपल्या नावे एक आयपी पत्ता राखून ठेवू. मग कोण जागे, कोण झोपले याच्याशी आपला संबंध नाही. फायलींसाठी जुन्या संगणकावर एकच फोल्डर उघडा राहील. त्याला वेगळे खाते, वेगळा पासवर्ड, आणि तो पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे. अख्खी डी ड्राइव्ह ‘एव्हरीवन’ला खुली करण्याचा उदारपणा या घरात पुन्हा होणार नाही.

रविवारपर्यंत मामांचा सातबारा पेनड्राइव्हवरून कलेक्टर कचेरीजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जाईल. त्याचा प्रिंटर आपल्याहून म्हातारा आहे आणि काही विचारत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आतल्या खोलीतला लॅपटॉपधारक

ता. क. : निळी शाई संपली म्हणून काळ्या अक्षरांचे पान अडवून ठेवू नये, ही विनंती.