एजंट क्षमस्व

85 लाखांचे 2 टक्के म्हणजे 1 लाख 70 हजार रुपये. हा हिशेब केला त्या रात्री मला झोप लागली नाही. फ्लॅट माझा, कर्जाचे हप्ते मी फेडलेले, दर पावसाळ्यात गळतीखाली बादली मी लावलेली. आणि कुणी एक गृहस्थ चार माणसांना जिना चढवून वर आणणार, ‘हे किचन, हा हॉल’ एवढं बोलणार आणि पावणेदोन लाख खिशात घालणार! पुण्यात एजंट साधारण एक ते दोन टक्के घेतो. विकणाऱ्याकडून घेतो तसे विकत घेणाऱ्याकडूनही घेतो. म्हणजे त्याच जिन्याचे दोनदा पैसे.

घर विकायचं ठरलं ते जिन्यामुळेच. आमची इमारत कोथरूडमधली, 1996 सालची, तीन मजली आणि बिनलिफ्टची. आम्ही अर्थातच तिसऱ्या मजल्यावर. बायकोच्या गुडघ्यांनी या व्यवस्थेविरुद्ध ठराव मांडला, तेव्हा लिफ्टवाल्या इमारतीत लहान घर घ्यायचं नक्की झालं.

“अहो, एखादा चांगला एजंट बघा,” बायको म्हणाली.

“एजंट कशाला? हल्ली सगळं ऑनलाइन होतं,” मी म्हणालो. घरचं विजेचं बिल मी ऑनलाइन भरतो. त्या अधिकारात बोललो.

घरं विकण्याच्या एका प्रसिद्ध संकेतस्थळावर ‘मालकांसाठी मोफत जाहिरात’ अशी सोय होती. अर्ज उघडला आणि ‘कार्पेट एरिया’च्या रकान्यावरच अडलो. माझ्या करारनाम्यात 840 चौरस फूट लिहिलंय. त्या काळी बिल्डर बिल्टअप लिहीत. भिंतींची जाडी, बाल्कनी आणि मनात आलं तर जिन्याचा वाटाही त्यात धरीत. पुढे 2016 सालच्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या बांधून दिली: बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून आत वापरता येईल तेवढी जागा. मग टेप काढली. एक टोक बायकोने धरलं, दुसरं मी. कपाटं सरकवली, पलंगाखाली शिरलो, बेरीज पुन्हा पुन्हा केली. उत्तर 618 च्या पुढे जाईना.

“222 फूट गेले कुठे?” मी घाम पुसत विचारलं.

“होते कधी?” बायको टेप गुंडाळत म्हणाली.

मुंबईच्या नातेवाइकांना मी आयुष्यभर 840 सांगत आलो होतो. त्यांच्या चेहऱ्यावरची असूया मी बिल्टअपवर मिळवली होती.

पुढचा रकाना ‘घराचं वर्णन’. इथे मी मनापासून लिहिलं. खोटं बोलून घर विकायचं नाही, हा माझा बाणा. हवा, उजेड, पाणी, शेजार, पार्किंग असा एकेक मुद्दा घेत, गुण आधी आणि दोष नंतर, अशी निबंधाची रचना केली. दोष सांगून झाल्यावर त्यांचं खंडन करायचं होतं. जाहिरात झळकली तेव्हा कळलं, की ठरावीक अक्षरांनंतर ते लोक मजकूर कापतात. माझा निबंध ‘सोसायटीत अधूनमधून भांडणे होतात, पण’ इथे संपला होता.

फोटोंचीही तीच गत. मुख्य फोटो म्हणून मी स्वयंपाकघराचा निवडला, कारण ओटा आम्ही नुकताच नवा केला होता. फोटोत ओटा थोडाच आला. मधोमध भिंतीवरचं कालनिर्णय आलं आणि त्यावरचा दुधाचा हिशेब अगदी स्वच्छ वाचता येत होता. एका इच्छुकाने पहिला प्रश्न विचारला तो हाच: “14 तारखेला दूध आलं नाही का?”

जाहिरात टाकून चहा होईपर्यंत फोन सुरू झाले. पहिला खुद्द संकेतस्थळाचाच, हिंदीतून. माझे ‘रिलेशनशिप मॅनेजर’ बोलत होते. मोफत जाहिरात खाली खाली जाते, वर ठेवायची तर प्लॅन घ्यावा लागतो, एवढं त्यांनी प्रेमाने समजावलं आणि कोथरूड हे मुंबईच्या कुठल्या भागात येतं, तेही विचारून घेतलं. मी प्लॅन घेतला. एजंटचे पैसे वाचवायचे म्हणजे थोडा खर्च आलाच.

जाहिरातीत मी ‘एजंट क्षमस्व’ असं ठळक लिहिलं होतं. त्यानंतर आलेले बहुतेक फोन एजंटांचे होते. “काका, पार्टी रेडी आहे, फक्त तुमचं एक-दोन टक्क्याचं बोलून घेऊ.” उरलेले लोक नाव-गाव न सांगता “लास्ट किती?” एवढंच विचारत. पहिली किंमत ऐकण्याचीही त्यांना गरज वाटत नसे.

या सगळ्यांत एकच सभ्य माणूस भेटला. सैन्यात अधिकारी, पोस्टिंग सीमेवर, लवकरच पुण्याला बदली. घर न पाहता घेतो म्हणाला. “सर, फोटोवरूनच कळतं, माणसं किती नीटनेटकी आहेत.” दुधाच्या हिशेबाची इतकी कदर दुसऱ्या कुणी केली नव्हती. टोकनचे 50 हजार लगेच पाठवतो म्हणाला आणि क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून मी फक्त पिन टाकायचा, की पैसे माझ्या खात्यात. मी बाल्कनीत ताठ उभा राहून, जवळजवळ सावधान अवस्थेत, स्कॅन केला. पिन आठवेना. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा चुकल्यावर ॲपने मला गप्प बसवलं. तेवढ्यात बायकोने विचारलं, “आपल्याला पैसे यायचेत ना? मग पिन कशाला?” पैसे स्वीकारायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो, हे बँक दर आठवड्याला मेसेज पाठवून सांगते. ते मेसेज मी न वाचता पुसून टाकतो. आमचे 50 हजार माझ्या हुशारीने वाचले नाहीत, विसरभोळेपणाने वाचले.

मग रविवारची वर्दळ सुरू झाली. लोक येत, नळ सोडून बघत, भिंतीवर टिचकी मारत, फ्लश ओढत. एका कुटुंबाने वास्तुतज्ज्ञ आणला होता. त्याने मोबाइलमधलं होकायंत्र धरून घरभर संथ फेरी मारली आणि ओटा आग्नेयेला आहे म्हणून मान डोलावली. माझी छाती फुगतेय तोवर त्याला ईशान्येला संडास सापडला. सगळं कुटुंब माझ्याकडे असं बघू लागलं, की गेली कैक वर्षं आमच्या संसारात काय काय झालं असेल ते त्यांना कळून चुकलं होतं. “आम्हाला काही त्रास झाला नाही,” मी म्हणालो. “होत असतो. कळत नाही,” तज्ज्ञ म्हणाला.

दुसऱ्या एका बाई म्हणाल्या, किचन अंधारं आहे. मी त्यांना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. एका तरुणाला हॉल लहान वाटला. मी त्याला त्याचं सध्याचं घर किती चौरस फुटांचं आहे ते विचारलं. आणि जो कुणी बाल्कनीत जाई, त्याला मी सांगे, “पूर्वी इथून टेकडी दिसायची.” समोर टॉवर उठला त्याला बराच काळ लोटला. पण टेकडीवर ढग कसे उतरत, मोर कसे ओरडत, हे सांगितल्याशिवाय मला त्या बाल्कनीतून आत येताच येत नाही. ‘पूर्वी’ हा शब्द घर विकणाऱ्याने उच्चारू नये, असं मागून बायको खुणावत असायची.

पांढऱ्या शर्टातला एक शांत गृहस्थ मात्र निराळा होता. त्याने टेकडीची हकीकत पूर्ण ऐकली, मोरांसकट. खोल्यांचे फोटो काढले, चहा घेतला, “कळवतो” म्हणून गेला. “याला म्हणतात गिऱ्हाईक!” मी बायकोला म्हणालो.

त्याचं काही कळेना, तेव्हा मी गनिमी कावा योजला. आपल्या भागात इतर मालक काय भाव मागतात ते समजावं म्हणून त्याच संकेतस्थळावर बायकोच्या नंबरावरून ‘घर हवे आहे’ असं नोंदवलं. कोथरूड, टू बीएचके, बजेट 85. संध्याकाळी एका एजंटचा फोन. मी पक्क्या खरेदीदाराच्या आवाजात उचलला.

“सर, तुमच्या बजेटमधला फ्लॅट आहे. 88 सांगतायत.”

“मजला?”

“थर्ड.”

“लिफ्ट?”

“लिफ्ट नाही, पण हवा फार छान.”

“हवेला लिफ्ट लागत नाही हो, माणसांना लागते. 78 च्या वर एक रुपया नाही.”

मला भलताच जोर चढला. इमारत किती जुनी, प्लंबिंग कधी बदललं, कार्पेट खरोखर किती, की बिल्टअप सांगून लोकांना फसवताय? एजंट 85 वर आला, मग 83 वर. मी सोडेना. शेवटी तो म्हणाला, “81 ला बसवून देतो. मालकाला घाई आहे, बाईंचे गुडघे दुखतात. बाई समजूतदार आहेत. माणूस वाईट नाही, जरा बोलतो फार. बाल्कनीत नेऊन पूर्वी टेकडी दिसायची म्हणून सांगत बसेल, तेवढं ऐकून घ्या.”

फोनवर बराच वेळ कुणीच बोललं नाही.

“तुमचा शर्ट पांढरा असतो का?” मी विचारलं.

आता गप्प राहण्याची पाळी त्याची होती. पण ती एजंटाची जात. मालकांच्या जाहिराती उचलून, घरं पाहून, आपल्या नावाने पुन्हा टाकणं हा या धंद्यातला रोजचा प्रकार आहे हे मला नंतर कळलं. तो क्षणात सावरला आणि म्हणाला, “काका, मग आता 81 ला नक्की ना? दोष तर सगळे तुम्हीच सांगितलेत.”

बायकोने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं. त्याने दोन अटी घातल्या: एक टक्का दलाली, आणि गिऱ्हाईक येईल तेव्हा काकांनी घरात थांबायचं नाही. पहिल्या अटीवर मी वाद घातला. दुसरी बायकोने मी तोंड उघडायच्या आत मान्य केली. नव्या प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटांना महारेराने आता प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. घर विकणाऱ्या मालकांची परीक्षा कुणी घेत नाही, हा कायद्यातला मोठाच ढिलेपणा म्हणायचा.

पुढचे रविवार मी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात काढले. वर काय चाललंय ते मला कळत नसे. बायकोच्या सांगण्यावरून, तो फारसं काही बोलतच नसे. किचन अंधारं आहे असं कुणी म्हटलं, तर “हो” म्हणून दिवा लावी. माझ्या डोक्यात हे कधीच आलं नव्हतं.

83 लाखांना सौदा ठरला. मग कागदांची पाळी. घेणाऱ्यांच्या बँकेला मूळ करारनामा, सूची क्रमांक 2, शेअर सर्टिफिकेट, पूर्णत्वाचा दाखला आणि सोसायटीचा नाहरकत दाखला हवा होता. आदर्श उपविधींप्रमाणे असा नाहरकत दाखला लागत नाही, पण बँकेपुढे उपविधी काय करणार? सेक्रेटरींकडे गेलो तर त्यांनी जुना ठराव पुढे केला: फ्लॅट विकून जाणाऱ्या सभासदाने सोसायटीला एक लाख रुपये ‘स्वेच्छा देणगी’ द्यावी. मी खवळलो. हस्तांतरणाचा प्रीमियम 25 हजारांहून जास्त घेता येत नाही आणि देणगीच्या नावाखालीही उकळता येत नाही; शासनाचं 9 ऑगस्ट 2001 चं परिपत्रक आहे! कुणी केला हा बेकायदा ठराव? सेक्रेटरींनी शांतपणे वहीचं पान माझ्याकडे फिरवलं. सूचक म्हणून माझी सही होती. अध्यक्ष असताना मी सोसायटीचा निधी वाढवण्यासाठी केलेलं ते भरीव काम होतं. मधे पडला तो पांढरा शर्टच. सेक्रेटरींशी जिन्यात दहा मिनिटं बोलला आणि 25 हजारांवर मिटवून आला.

नोंदणी झाली, फोटो निघाले, अंगठे उमटले. 50 लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापला: 83 हजार. त्यांनी घर एकट्या बाईंच्या नावावर घेतलं, त्यामुळे त्यांना मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळाली: 83 हजार. आणि एजंटची माझ्याकडची दलाली: 83 हजार. टीडीएस विवरणपत्र भरल्यावर हिशेबात मिळतो, सवलत बाईंना मिळाली, तेव्हा खरा खड्डा पडला तो मी जे वाचवायला निघालो होतो तिथेच. भांडवली नफा काढताना आयकर खातं दलाली हा रीतसर खर्च म्हणून वजा धरतं. मी तिला लूट समजत होतो. पण माझ्याशी मी स्वतः घासाघीस केली तेव्हा घर 81 वर आलं होतं आणि त्याने ते 83 ला विकलं. त्या दोन लाखांत दलाली वजा जाऊनही लाखभर उरतात. माझ्यापासून माझं घर वाचवण्याचा तो मोबदला जास्त नव्हता.

संकेतस्थळावरची जाहिरात काढायला गेलो, तर त्यांनी कारण विचारलं. आमच्यामार्फत विकलं, दुसरीकडे विकलं, विकण्याचा विचार बदलला, असे पर्याय होते. शेवटचा पर्याय ‘इतर, कृपया लिहा’. मी लिहिलं: ‘मालकाला घराबाहेर काढल्यामुळे विकले गेले.’